गाडी टायर का खाते?

रखोलीच्या पुलाच्या सांध्यावर डावं चाक आपटलं, की माझी पिकअप अंगात आल्यासारखी घुमायला लागायची. वेग पन्नासच्या आसपास असला तरच. स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं तरी मनगटं हलायची, बॉनेट थडथडायचं, शेजारी बसलेला हमाल कडी पकडून देवाचं नाव घ्यायचा. वेग तिसावर आणला की सगळं गप्प. तोंडात बोट घालावं इतकी साळसूद.

सिल्वासात माझं सिमेंट-सळईचं दुकान आहे. गाडी २०११ सालची, पाटी अजून ‘डीएन ०९’ ची. (२६ जानेवारी २०२० ला दादरा नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले आणि नव्या गाड्यांवर ‘डीडी ०१’ आलं, त्यामुळे गाडीचं वय आता लांबूनच कळतं.) पुढे अखंड ॲक्सल, पाट्यांची कमान, सगळा ट्रकचाच घाट. दीड वर्षात पुढच्या टायरांची एक जोडी गेली होती, दुसरी जायच्या बेतात होती. मागचे टायर मात्र तेच. गाडी टायर खाते असं आपण म्हणतो; ही फक्त पुढच्या तोंडानं खात होती.

२ ऑगस्टला मुक्तिदिनाची सुट्टी होती. १९५४ साली याच तारखेला सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटलं. त्या लढ्यात गायक-संगीतकार सुधीर फडके होते, हे इथल्या मराठी घरांतून दर वर्षी एकदा तरी सांगितलं जातंच. दुकान बंद, मिस्त्रींचं गॅरेज बंद. पण मिस्त्री गॅरेजच्या मागच्याच खोलीत राहतात. माझा भाचा पुण्याहून आला होता. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून तो तिथल्या एका वर्कशॉपमध्ये चार वर्षं काम करतोय. मिस्त्री मूळचे जव्हारकडचे, पासष्टीचे, जीपवर हात बसलेला माणूस. पाऊस धो धो कोसळत होता. गाडी गॅरेजच्या पत्र्याखाली घेतली आणि दोघांना म्हटलं, बघा बुवा एकदा.

भाच्यानं आधी मलाच उलटतपासणीला घेतलं.

“मामा, ब्रेक दाबल्यावर हलते का?”

“नाही.”

“म्हणजे ड्रम वाकडा नाही. ऐंशीला बारीक थरथर येते, आणि पुढे गेलं की जाते, असं?”

“ऐंशीला कोण नेतो हिला?”

“खड्डा लागला की सुरू, आणि वेग उतरवेपर्यंत थांबत नाही. बरोबर? मग हा नुसता बॅलन्सिंगचा मामला नाही. अलाइनमेंटचे कागद आहेत?”

होते. तीन होते, डॅशबोर्डच्या खणात, विम्याच्या कागदाखाली. तो ते काढायला गेला तेवढ्यात मिस्त्री उकिडवे बसले.

“कागद मागून,” ते म्हणाले. “आधी टायरला विचारू. ये इकडे. उजव्या टायरवरून हात फिरव. बाहेरून आत.”

“गुळगुळीत आहे.”

“आता आतून बाहेर आण.”

भाच्याचा हात अडखळला. “धार लागते, काका. करवतीच्या दातासारखी.”

“म्हणजे चाकं पुढून आत मिटलीत. टो-इन जास्त. आता हा डावा बघ.”

डाव्याची तऱ्हा वेगळी होती. बाहेरच्या खांद्यावर ठरावीक अंतरानं खोलगट झिजलेल्या जागा. नखानं नाही, तळव्यानं कळतात; विहिरीच्या पायऱ्यांवर पावलांनी पडतात तशा.

“हे टोचं काम नाही,” मिस्त्री म्हणाले. “चाक रस्त्याला धरून चाललेलं नाही. टप्पे घेत चाललंय.”

“पटलं,” भाचा म्हणाला. “पण काका, हात सांगतो काय झालं. किती झालं ते नाही सांगत.” त्यानं खडू आणि टेप मागितला. पुढची चाकं उचलून फिरवत दोन्ही टायरांच्या मधोमध खडूची बारीक रेघ मारली. चाकं खाली ठेवून गाडी हातभर मागे-पुढे ढकलली, आणि ॲक्सलच्या उंचीला दोन रेघांमधलं अंतर पुढून मोजलं, मग मागून. पुढचं अंतर मागच्यापेक्षा ८ मिलिमीटरनं कमी. हवं होतं २ च्या आसपास.

“सहाची चूक. चाक ६८ सेंटिमीटरचं. ही चूक दोन चाकांत वाटली तरी किलोमीटरमागे प्रत्येक चाक चार मीटरच्या वर आडवं फरफटल्यासारखं चालतं. मामा, खानवेल किती लांब?”

“वीस किलोमीटर.”

“मग खानवेलला पोचेपर्यंत प्रत्येक टायर ऐंशी-नव्वद मीटर आडवा घासला. माल भरलेला असताना.”

मला तो आकडा चांगलाच लागला. तीन वेळा पैसे मोजून अलाइनमेंट केलं होतं, मग सहाची चूक राहिलीच कशी? भाचा म्हणाला, ज्यानं केलं त्याला येत नसेल. मिस्त्री हसले.

“येत होतं. चांगलं येत होतं. त्यानं सांधे ढिले बघितले. ढिली गाडी चालायला लागली की चाकं पुढून उघडतात. म्हणून उभ्या गाडीत मुद्दाम जास्त मिटवून ठेवली, चालताना सरळ होतील या हिशोबानं. अंदाज चुकला. सांधा न बदलता अलाइनमेंट म्हणजे हलत्या पाटावर रांगोळी.”

जॅक लावला, घोडी सरकवली. इथे आमच्या भागात नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरणारे भरपूर आहेत. मिस्त्री शिरत नाहीत, शिरणाऱ्याला शिव्या घालतात. डावं चाक वर आणि खाली धरून त्यांनी आत-बाहेर हलवलं. ‘टक’ असा आवाज आला.

“बेअरिंग,” भाचा म्हणाला.

“शेठ, ब्रेक दाबून धरा.”

मी दाबला. परत टक.

“बेअरिंग असतं तर ब्रेकनं हब जखडल्यावर खेळ गेला असता,” मिस्त्री म्हणाले. “गेला नाही. किंगपिन आहे, चाक ज्या पिनेवर वळतं ती.” मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवलं, टायरॉडच्या एंडवर दुसऱ्या हाताची बोटं ठेवून. तोही थोडा वाजत होता. माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं. किंगपिन बदला, एंड बदला, टो लावा, सुट्टी सार्थकी लागली.

पण भाचा अजून खालीच होता. मोबाईलच्या उजेडात त्याला तिघं अनोळखी पाहुणे दिसले होते.

“मामा, स्टिअरिंगला हा डॅम्पर कुणी लावला? कंपनीचा नाही हा.”

“गेल्या दिवाळीला. थरथरीसाठी. महिनाभर फरक पडला होता.”

“आणि पाट्याखाली या पाचरी? चार-चार अंशाच्या आहेत, वर आकडा कोरलाय.”

“त्याच्या आधी. रिकामी गाडी रस्ता धरत नव्हती. सरळ रस्त्यावर डावी-उजवी भटकायची, वळण संपलं तरी स्टिअरिंग परत यायचं नाही. एकानं पाचरी घालून दिल्या, भटकणं थांबलं.”

“आणि भटकायला कधी लागली?”

मी जरा खाकरलो. मिस्त्री खाली बघत फडक्याला हात पुसत होते. ते त्यांना माहीत होतं, कारण तो पाटा त्यांनीच चढवला होता. माझ्या सांगण्यावरून, दोनदा ‘नको’ म्हणून झाल्यावर.

“मागे एक पाटा वाढवला तेव्हापासून,” मी म्हणालो.

हिशोब असा होता. सिमेंटची गोणी ५० किलोची. चाळीस गोण्या म्हणजे २ टन. गाडीची कागदावरची ताकद सव्वा टन. चाळीस भरल्या की मागचा भाग जमिनीला टेकायला यायचा, म्हणून पाटा. दपाडा, खानवेल, मांदोनी, सगळीकडे घरं बांधली जातायत आणि ‘एका खेपेत आणा’ असं गिऱ्हाईक म्हणतं. शिवाय सगळेच करतात. हे शेवटचं वाक्य मी त्या दिवशी मोठ्यानं म्हटलं; आता लिहिताना ओशाळवाणं वाटतंय.

भाच्यानं ते सगळं एका ओळीत मांडलं. सायकलचा पुढचा फोर्क जसा थोडा मागे कललेला असतो तशीच किंगपिनही कललेली असते; तो कल म्हणजे कॅस्टर. त्याच्यामुळे हात सोडले तरी चाक सरळ येतं. मागे पाटा वाढवला, रिकामी गाडी ढुंगण वर करून उभी राहिली. तीन मीटरच्या व्हीलबेसला मागून ५ सेंटिमीटर उचललं की अख्खी गाडी अंदाजे एका अंशानं पुढे झुकते, कॅस्टर तेवढा कमी होतो, गाडी भटकते. मग पाचरी घातल्या आणि एका अंशाच्या दुखण्याला चार अंशांचं औषध दिलं. भटकणं गेलं, स्टिअरिंग जड झालं. वर माल भरला की मागचा भाग दबतो, कॅस्टर आणखी वाढतो. आणि कॅस्टर फाजील झाला की चाकाला नाचायला निमित्त मिळतं.

“हॉस्पिटलमधल्या स्ट्रेचरचं चाक बघितलंय, काका? जोरात ढकललं की फडफडतं. तेच हे. अखंड ॲक्सलच्या गाड्यांना हा रोग जुना आहे. १९२३ च्या सुमारास कमी हवेचे फुगीर टायर आले आणि अमेरिकेत गाड्यांची तोंडं थरथरायला लागली. त्या वेळी तिथं ‘शिमी’ नावाचा नाच गाजत होता, त्याचंच नाव या रोगाला पडलं. फिरतं चाक हातात धरून तिरकं केलं तर ते आपोआप बाजूला वळतं ना? खड्ड्यात एक चाक उचललं, अखंड ॲक्सल तिरका झाला, की दोन्ही चाकं वळायला बघतात. जनरल मोटर्सनं १९३४ च्या गाड्यांना पुढची दोन चाकं स्वतंत्र झुलणारी दिली, त्याच्यामागे हेही एक कारण होतं.”

मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“नाच ऐकला. आता मला सांग, नाचायला जागा कुणी दिली? चाक वळायला बघतं, पण सांधा घट्ट असेल तर वळतं का? विलिसच्या जीपा १९४७ पासून मुंबईत जोडल्या जात होत्या. अखंड ॲक्सल, पाटे, सगळं हेच. त्यांच्याखाली मी जन्म काढलाय. किंगपिन, एंड, बेअरिंग ताठ असलेली जीप खड्ड्यात घाला नाहीतर नदीत, नाचायची नाही. तुझा कॅस्टर चूक असेल. पण चुकीचा कॅस्टर दार ठोठावतो; उघडतो तो किंगपिनचा ढिला बुश.”

“आणि फाजील कॅस्टरनं बुशच आधी मारला असेल तर? रोज चाळीस गोण्या घेऊन हिसके खात?”

“बुश ग्रीसविना मेला. बघ.” त्यांनी टॉमीच्या टोकानं किंगपिनचा निप्पल खरवडला. वर चिखल, आत दगडासारखं घट्ट झालेलं जुनं ग्रीस. “पंप मारणाऱ्यानं मारला असेल, ग्रीस बाहेरच्या बाहेर पडलं असेल. आत एक थेंब नाही.”

वाद इथे अडला आणि दोघांनाही मजा यायला लागली. आधी कोंबडी की आधी अंडं. थरथरीनं टायर खाल्ला की खाल्लेल्या टायरनं थरथर आणली? नवीन टायर घातल्यावर दोन महिने गाडी शहाण्यासारखी वागली होती, म्हणून मी टायरवाल्याला दोष देऊन मोकळा झालो होतो. खरी गोष्ट एवढीच की गोल टायर ढिल्या सांध्याला उचकवत नाही; सांधा हळूहळू टायरला वेडावाकडा करतो, आणि मग तोच टायर सांध्याला उचकवतो.

मला वाटलं आता चहा होईल. पण भाचा पावसात भिजत दुकानाच्या मागच्या बाजूला गेला आणि जुन्या जोडीतला एक टायर लोटत घेऊन आला. आत वीतभर पाणी.

“डेंग्यू पाळलाय शेठनी,” मिस्त्री म्हणाले.

“ही जोडी पाटा वाढवल्यानंतरची आणि पाचरींच्या आधीची. हात फिरवा, काका.”

मिस्त्रींनी फिरवला. दोन्ही बाजूंनी, सावकाश. धार होती. खोलगट जागा एकही नव्हती.

“म्हणजे टप्पे घेणं पाचरीनंतर सुरू झालं,” भाचा म्हणाला.

“किंवा बुश तोवर धरून होते,” मिस्त्री म्हणाले. पण आवाज जरा उतरला होता.

ठरलं ते असं: आधी किंगपिन आणि एंड, मग चाचणी, मग टो, आणि त्याच वेळी मशीनवर कॅस्टर. भाच्याची अट एकच. डॅम्पर काढून ठेवायचा. तो असेपर्यंत काय सुधारलं आणि काय दबलं हे कळणार नाही. मिस्त्रींना ही अट आवडली. आजार झाकणाऱ्या औषधाचा दोघांनाही सारखाच राग, हे मला त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी किंगपिन निघता निघेना. पहार, घण, शेवटी गॅसची शेगडी. बाहेर आली तेव्हा मिस्त्रींनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, नख फिरवा. मधला भाग चकचकीत, आणि जिथे बुश बसायचा तिथे नखाला स्पष्ट पायरी लागली. भाच्यानं मायक्रोमीटर लावला: पाव मिलिमीटरच्या वर झीज. हातातल्या पिनेवर ती काहीच वाटत नाही. तीच झीज चाकाच्या कडेला पोचेपर्यंत वाढून डोळ्यांना दिसेल एवढी होते. लेथवाल्यानं नवे बुश दाबून बसवले, रीमर मारला. पिन हातानं, थोड्या जोरानं आत जाईल इतका. निप्पल नवे. पंप मारल्यावर खालच्या सीलमधून पिवळं ग्रीस डोकावेपर्यंत मिस्त्री हटले नाहीत.

रिकामी गाडी पुलावरून पन्नासनं नेली. डॅम्पर नाही. सांध्यावर डावं चाक आपटलं. काही नाही. मिस्त्रींनी भाच्याकडे बघितलंसुद्धा नाही, खिडकीबाहेर दमणगंगा बघत बसले. हे बघणं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

“चाळीस गोण्या भरा,” भाचा म्हणाला.

भरल्या. त्याच सांध्यावर स्टिअरिंगनं तीन झोके घेतले. पहिल्यासारखे नाहीत, तीनच, आणि आपोआप विरले. पण घेतले. नवे बुश, नवे एंड, आणि तरी तीन झोके.

गोण्या उतरवून आम्ही अलाइनमेंटला गेलो. कॅस्टर मोजायचा तर पुढची चाकं फिरत्या ताटांवर चढवून दोन्हीकडे वळवावी लागतात. वेळखाऊ काम. मशीनवरचा पोरगा म्हणाला, “पिकअपचा कॅस्टर कोण बघतं? तो ॲडजस्टच होत नाही.” गंमत म्हणजे माझ्या खणातल्या तीनही कागदांवर कॅस्टरचा रकाना होता आणि तीनही कागदांवर तो कोरा होता. मी पैसे देताना कधी वाचलाच नाही. या वेळी भाच्यानं हट्ट धरला. आकडा आला: डावीकडे सहा, उजवीकडे पावणेसहा. मॅन्युअलमध्ये तीन. तीन, वजा पाट्याचा एक, अधिक पाचरीचे चार. त्यानं गॅरेजमध्ये खडूनं जमिनीवर लिहिलेलं उत्तर आणि मशीनचं उत्तर एकच निघालं.

मिस्त्रींनी कागद लांब धरून वाचला.

“चाराची पाचर कशाला घालायची? एकाची पुरली असती.”

“एकाचीसुद्धा नको. मागचा पाटा काढा, पाचरी काढा. गाडी कंपनीनं दिली तशी होईल.”

“ते शेठना सांग,” मिस्त्री म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. थरथर कशानं यावर दोन दिवस भांडलेली माणसं इथे एका बाजूला, आणि मी एकटा दुसऱ्या. मी गिऱ्हाइकाचं कारण सांगितलं, डिझेलचं सांगितलं. भाच्यानं २०१९ ची मोटार वाहन कायद्यातली दुरुस्ती काढली: जादा मालाला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. मिस्त्रींनी दंड काढला नाही. ते म्हणाले, “शेठ, खानवेलच्या पुढे उतार आहेत. तिथे ही नाचली तर हमाल देवाचं नाव घेईल, तुम्ही काय घ्याल?”

माझा निवाडा विचाराल तर: बुश कशानं मेले यात मिस्त्री बरोबर, ग्रीसविनाच मेले, निप्पल मी डोळ्यांनी बघितला. बुश बदलूनही तीन झोके का राहिले, यात भाचा बरोबर. मात्र मशीनवाल्याला कॅस्टरचा रकाना भरायला लावणारा माणूस शेजारी नसता, तर तो कागद चौथ्यांदाही कोराच आला असता. आणि किंगपिनचा खेळ ब्रेक दाबून ओळखणारा माणूस नसता, तर मी कॅस्टर नीट करून त्याच सडक्या पिनेवर गाडी पळवली असती. मिस्त्रींना हा निवाडा मान्य नाही. त्यांच्या मते ते तीन झोके नव्या बुशांनी जागा धरली की गेलेच असते.

पाटा निघाला, पाचरी निघाल्या. टो २ मिलिमीटरवर. पुढे नवी जोडी, बॅलन्स करून. शॉकअब्सॉर्बर दोन्ही बदलले, डाव्यातलं तेल कधीच संपलं होतं. डॅम्पर दुकानात खिळ्याला टांगलाय. ६,००० किलोमीटर झाले तेव्हा भाच्यानं पाठवलेल्या गेजनं टायरची खोबणी मोजली: आत, मध्ये आणि बाहेर, अर्ध्या मिलिमीटरच्या आत सारखी. मिस्त्रींनी गेज बघितला नाही, हात फिरवला. बाहेरून आत, आतून बाहेर. “ठीक आहे,” म्हणाले.

खानवेलला आता २५ गोण्या जातात. उरलेल्या पंधरा दुसऱ्या खेपेला, आणि त्या खेपेचं डिझेल माझ्या खिशातून.